काठीवरचा पावटा

गुरम्माच्या घरात भाड्यानं राहायचं तर बाकी सगळं चालायचं. पाहुणे महिना महिना राहिले तरी चालायचे, पोरांनी जिन्यात गोट्या खेळलेल्या चालायच्या, आणि नवरा-बायकोची भांडणं तर चालायचीच, कारण त्यात गुरम्माची दुपार बरी जायची. भिंतीला खिळा ठोकलेला मात्र चालायचा नाही. "ही भिंत आमच्या मालकांनी सोताच्या हातानं लिंपल्याली हाय," असं ती प्रत्येक नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगायची. "तिला टाचणी लावली तरी मला हितं टोचतंय." आणि ती छातीवर हात ठेवायची. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भिंतीच्या बाबतीत ते अजून घरातच होते.

त्यामुळे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धुळाप्पा कोनापुरे यांच्या खोलीत छत्री दाराच्या कडीला, पिशव्या खिडकीच्या गजाला आणि कॅलेंडर खुर्चीवर असायचं. पाठीला टेकून, ऐटीत, साहेबासारखं. घरात खुर्ची एकच. कोणी पाहुणा आला की महानंदा, म्हणजे धुळाप्पाची बायको, कॅलेंडर उचलून पलंगावर निजवायची आणि पाहुणा गेला की परत बसवायची. धुळाप्पा स्वतः त्या खुर्चीवर कधी बसला नाही. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर दिवसभर खुर्चीतच असल्यामुळे त्याला त्याचं विशेष वाटत नसे.

वाटत होतं ते आईचं. आई, बसव्वा, वळसंगला एकटी राहायची. शेत चुलतभाऊ बघत होता, पण परसातलं सगळं तिचं तीच करायची. त्या उन्हाळ्यात ती परसात पाय घसरून पडली आणि शेजारची बाई ताक मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. हे तिनं लेकाला सांगितलंच नाही. शेजारच्या बाईनं सांगितलं. तेव्हापासून धुळाप्पाला जेवताना घास मध्येच थांबवायची सवय लागली. एकुलता एक मुलगा शहरात पंख्याखाली कागदं इकडून तिकडं करतो आणि आई परसात पडून ताक मागणारीची वाट बघते, हे चित्र काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

दर रविवारी तो वळसंगला जाऊन आईला चल म्हणायचा आणि दर रविवारी ती नाही म्हणायची.

"तुज्या घरात हाय काय रे?" ती म्हणाली. "वर पत्रा, खाली फरशी. मिरचीचं एक झाड तरी हाय का? दिवसभर करू काय मी? खुर्चीवर बसू म्हटलं तर खुर्ची बी कॅलेंडरनं धरलीया."

"अव्वा, तू ये तर. झाडं लावू की."

"कुटं लावतोस? कपाळावर?" बसव्वा हसली. मग चुलीतला जाळ मागं ओढत म्हणाली, "बरं. भोगीला येते. भोगीच्या भाजीत तुज्या घरचा पावटा असला तर ऱ्हाते तुज्याकडं. नसला तर तिळगूळ खाऊन माघारी. मग पुन्ना हा विषय काडायचा न्हाय."

पोरानं चांदोबा मागितला तर आई 'उद्या देते' म्हणते, त्यातलाच हा प्रकार होता. पण धुळाप्पानं आवक-जावकच्या टेबलावर आयुष्य काढलं होतं. आलेली गोष्ट त्याच्या मनात तशीच्या तशी नोंदवली जायची. तो उठला आणि म्हणाला, "बी दे."

चुलीच्या वर आढ्याला शिंक्यात बियाण्याचं गाडगं टांगलेलं होतं. लग्न होऊन बसव्वा या घरात आली ती ते गाडगं कडेवर घेऊनच. तिनं ते उतरवलं, तोंडाची चिंधी सोडली आणि राखेत घोळलेला पावटा मूठभर काढून दिला. दाणा पांढरा, पण कडेला बारीक तांबडी रेघ. हा पावटा फक्त तिच्या माहेरचा, असं तिचं म्हणणं होतं.

"गाडगंच दे की," धुळाप्पा सहज म्हणाला.

"गाडगं माज्यासंगं," बसव्वा म्हणाली. "मी जितं, तितं गाडगं." आणि तिनं ते परत शिंक्यात ठेवलं.

बी मिळालं, आता माती. सोलापुरात माती मिळत नाही असं नाही, पण आईच्या बियाला आईचीच माती पाहिजे, असं धुळाप्पाच्या मनानं घेतलं. त्यानं परसातल्या काळ्या मातीचं पोतं भरलं आणि एस.टी.त चढवलं. कंडक्टरनं पोत्याला बोट लावून विचारलं, "काय हाय ह्यात?"

"माती."

"मातीत काय हाय?"

"मातीच."

कंडक्टरचा विश्वास बसला नाही. त्यानं पोतं उघडायला लावलं, आत कोपरापर्यंत हात घातला, आणि खरंच मातीच निघाल्यावर तो जास्त रागावला. ज्वारी असती तर धान्य म्हणून घेता आली असती, कोंबडी असती तरी तिची सोय होती, पण मातीला कुठलं लगेज लावायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. "सोलापुरात माती न्हाय व्हय?" सगळी गाडी विचारू लागली. दुष्काळाला नुकतीच दोन वर्षं होत होती. एक म्हातारा म्हणाला, "दुष्काळात आमी खडी फोडली, पण माती एस.टी.नं न्यायची पाळी कुणावर आली नव्हती बाबा." शेवटी कंडक्टरनं पोत्याला अर्धं तिकीट फाडलं. कुंभारी गावाच्या पुढं गाडी भरली आणि तिकीट काढलेलं म्हणून पोतं सीटवर बसलं, धुळाप्पा उभ्यानं आला.

डबे खाली राहणाऱ्या नरसय्यानं दिले. नरसय्या येमुल चादरींच्या सुताला रंग देण्याचं काम करायचा. त्याच्याकडं रंगाचे रिकामे डबे पडून असायचे. "घेऊन जावा की," तो म्हणाला. "धुतलेले हायेत. थोडा वास मारतो, ते काय पावट्याला नाक असतंय?"

आता डबे ठेवायचे कुठं, हा प्रश्न होता. घरापुढं फरशी, आणि फरशीवर गुरम्माची शेळी. ती शेळी कागद, दोरी, एकदा तर मतदानाचं पोस्टर असं सगळं खाऊन मोठी झालेली होती. गॅलरीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागायचं. राहता राहिली भिंत, आणि भिंतीत गुरम्माचे मालक. म्हणजे शेती आडवी करायची सोय नव्हती. ती उभीच करावी लागणार होती.

तेव्हा धुळाप्पाचं लक्ष काठीकडं गेलं. घराच्या पुढच्या कोपऱ्यात, पन्हाळीच्या नळाला दोरीनं बांधून एक लांबलचक काठी उभी होती. वरपासून खालपर्यंत गोणपाट गुंडाळलेलं. गॅलरीच्याही वर जाणारी, सरळ, जाडजूड. गेल्या संक्रांतीनंतर तो या घरात राहायला आला, तेव्हापासून ती तिथंच होती. त्यानं गॅलरीतून खाली वाकून विचारलं, "गुरम्माक्का, ह्या काठीला डबे बांधू का?"

गुरम्मा त्या वेळी शेळीच्या तोंडातून केरसुणी सोडवत होती. "खिळा मारनार न्हाईस न्हवं?"

"न्हाय. दोरीनं बांधणार."

"मग बांद की."

परवानगी मिळाली. धुळाप्पानं शिडी आणली आणि शेळी मागच्या पायांवर उभी राहिली तरी तोंड पोचणार नाही इतक्या उंचीपासून गॅलरीपर्यंत एकावर एक डबे बांधले. प्रत्येक डब्यात वळसंगची माती, मातीत पावटा. सगळ्यात वरच्या डब्यात एक मिरची, कारण आईनं मिरचीचं नाव काढलं होतं.

कचेरीत बातमी पसरली. शेजारच्या टेबलावरचे रामहरी हे मूळचे टेंभुर्णीचे, त्यामुळे शेतीतलं शेवटचं मत त्यांचं असायचं. त्यांनी नांगराला हात लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं, पण शेताच्या बांधावरून ते पुष्कळ वेळा गेले होते. "कोनापुरे, नुसत्या पाण्यानं काय होतंय? शेणपाणी द्या. शेण कालवायचं, आठवडाभर कुजवायचं आणि वरून सोडायचं." धुळाप्पानं ते मनावर घेतलं. मग गॅलरीत एका बादलीत शेण कुजू लागलं आणि महानंदा दार लावून स्वयंपाक करू लागली.

"अहो, पावटा येईपर्यंत आपण टिकलो पायजे की," ती म्हणाली. पण तांदळाचं धुतलेलं पाणी ती रोज आठवणीनं वरच्या डब्यात ओतायची. नळाला दिवसाआड पाणी यायचं, त्यामुळे घरात अंघोळीनंतरचं पाणीही बादलीत धरलं जाऊ लागलं. धुळाप्पा साबण न लावता अंघोळ करू लागला. साबणाचं पाणी पावट्याला बाधतं, हेही रामहरींनीच सांगितलं होतं.

कोंब वर आले त्याच आठवड्यात मलेरियावाला आला. त्यानं दारामागं तारीख लिहिली, रांजण पाहिला, मग गॅलरीत येऊन डब्यांकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "साचलेलं पाणी आहे. डास होणार. डबे रिकामे करा."

"पाणी नाही, माती आहे."

"मातीवर पाणी आहे."

"पावट्याला पाणी लागतंच."

"डासालाही लागतं," मलेरियावाला म्हणाला. पावटा आणि डास यांच्यात सरकार कोणाच्या बाजूनं आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. बऱ्याच वादावादीनंतर असं ठरलं, की डबे राहू द्यायचे, पण प्रत्येकाला खालून भोकं पाडायची, म्हणजे पाणी साचणार नाही. धुळाप्पा ते काम खिन्न मनानं करत होता. पण झाल्यावर त्याला दिसलं, की वरच्या डब्यात ओतलेलं पाणी झिरपून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, असं शेवटच्या डब्यापर्यंत आपोआप जातंय. शिडी चढायचं कामच उरलं नाही. त्यानं मलेरियावाल्याला पुढच्या खेपेला चहा पाजायचं ठरवलं.

फक्त शेवटच्या डब्यातून पाणी कुठं जातं, हे त्यानं पाहिलं नाही. ते जात होतं नरसय्यानं खाली वाळत घातलेल्या पांढऱ्या सुतावर. डबे धुतलेले होते, पण रंगवाल्यानं धुतलेले होते. संध्याकाळपर्यंत सुताच्या लडी कुठं जांभळ्या, कुठं हिरव्या झाल्या होत्या आणि मधूनमधून त्यांना शेणाचा वास येत होता. धुळाप्पा जिना उतरून हात जोडून उभा राहिला. नरसय्यानं लडी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "रंग माझा, डबा माझा, सूत बी माझाच. भांडायचं तर कोणाशी भांडू सांगा?" त्यानं बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि दोघंही हसत बसली. धुळाप्पाला त्यांनी रागावलेलं परवडलं असतं.

दिवाळी झाली आणि वेलानं मनावर घेतलं. गोणपाटाला धरून तो सरसर वर गेला, गॅलरीचा कठडा पकडला, आणि एक दिवस सकाळी पहिला जांभळट तुरा दिसला. धुळाप्पानं महानंदाला हाक मारली. दोघंही कठड्याशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली. "अव्वाला कळवू?" महानंदानं विचारलं. "नको," धुळाप्पा म्हणाला. "भोगीला तिच्या डोळ्यांनी बघू दे." पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तो वेल दाखवायचा. कचेरीत तर त्यानं 'आमच्या शेतात' असा शब्द वापरायला सुरुवात केली. रामहरींनी तो पहिल्यांदा खोडून काढला, मग सोडून दिला.

आणि एका संध्याकाळी रुद्रप्पा आला. रुद्रप्पा म्हणजे गल्लीतल्या तालमीचा पैलवान. त्याच्यामागं पाच-सहा तरणी पोरं, कमरेला चामडी पट्टे बांधलेली. ती सगळी कोपऱ्यापाशी येऊन उभी राहिली आणि वर बघू लागली. धुळाप्पाला वाटलं, पावट्याची कीर्ती तालमीपर्यंत पोचली. तो मोठ्या उत्साहानं खाली आला.

"या, या. यंदा फुलोरा चांगला आहे."

"आमची काठी कुटं हाय?" रुद्रप्पानं विचारलं.

"कुठली काठी?"

"ही. सरावाची. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज उचलायचे, तर आदी सराव नको? दरवर्षी हितंच आसती, गुरम्माक्काच्या कोपऱ्यात."

धुळाप्पाच्या पायाखालची फरशी सरकली. तो जन्मानं लिंगायत, दरवर्षी नंदीध्वजांना हात जोडून उभा राहणारा. पण नंदीध्वजाची काठी त्यानं पाहिली होती नेहमी सजलेली, बाशिंग बांधलेली, गर्दीच्या डोक्यांवरून डुलत येणारी. गोणपाट गुंडाळून पन्हाळीला टेकलेली ती त्याला ओळखू आली नाही, जसा बनियनवर बसलेला नवरदेव ओळखू येत नाही. ग्रामदैवत सिद्धरामाच्या सरावाच्या काठीला आपण तीन महिने शेणपाणी घातलं, हे लक्षात येताच त्यानं स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"गुरम्माक्का, तुम्ही सांगायचं तरी!"

"तू खिळ्याचं इच्यारलंस, मी खिळ्याचं सांगितलं," गुरम्मा म्हणाली. "आनि सरावापतुर तुजा पावटा उरकंल आसं वाटलं मला. तू पेरलास उशिरा, मी काय करू?"

मागची पोरं वेल ओढायला पुढं झाली. देवाच्या काठीपुढं पावटा मोठा, असं म्हणायची धुळाप्पाची छाती नव्हती. तो फक्त वेलाच्या आड येऊन उभा राहिला, आणि वरून महानंदा एकदम म्हणाली, "भोगीला त्यांची आई येनार हाय हो. पावटा असला तरच ऱ्हाते म्हनलीया."

मग तिनं सगळं सांगितलं, परसात पडल्याचंसुद्धा. भर गल्लीत. धुळाप्पाचे कान तापले. पण रुद्रप्पानं हात वर केला आणि पोरं थांबली. तो वेलाकडं, तुऱ्यांकडं, डब्यांकडं बघत राहिला.

"ज्या सिद्धरामानं गावासाटी तळं खनलं, त्येच्या काठीवरचा फुलावर आल्याला येल तोडायचा?" तो पोरांना म्हणाला. "आपल्याला न्हाय जमायचं." मग त्यानं एक डबा हलवून पाहिला. "आनि वजन बी बरं हाय की. नायतरी आपन वाळूची पोती बांदतोच. येलासकट उचलायची."

अशी धुळाप्पाची शेती चालायला लागली, अगदी पायांनी. रोज संध्याकाळी महानंदा कठड्याला धरलेले वेलाचे आकडे एकेक करून सोडवायची, पोरं काठी सोडायची, रुद्रप्पा ती कमरेच्या पट्ट्यात घ्यायचा, आणि डबे, वेल, तुरे आणि मिरची असं सगळं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. परत आल्यावर काठी पन्हाळीला बांधली जायची आणि वेल पुन्हा कठडा पकडायचा.

पहिल्याच दिवशी एक अडचण झाली. धुळाप्पानं सवयीप्रमाणे सकाळी शेणपाणी दिलं होतं. काठी उचलणाऱ्यानं नजर वर शेंड्याला लावायची असते, हलवायची नसते. रुद्रप्पानं नजर लावली, आणि मलेरियावाल्याच्या भोकांतून आठवडाभर कुजलेलं शेणपाणी थेंब थेंब त्याच्या तोंडावर पडू लागलं. त्याला ते पुसता येईना, मान वळवता येईना, तोंड उघडून शिवीही देता येईना. पण काठी तसूभर कलली नाही. गल्लीनं त्याला त्या दिवशी जितका मान दिला तितका आधी कधी दिला नव्हता. काठी ठेवल्यावर तो धुळाप्पाजवळ आला. "सायेब," तो शांतपणे म्हणाला, "उद्यापास्नं छत्री घेऊन याचं."

म्हणून मग कचेरीतून आल्यावर धुळाप्पा कोट न काढताच, दाराच्या कडीची छत्री घेऊन रुद्रप्पाच्या बाजूनं पळायचा. छत्री अशी तिरकी धरायची, की थेंब अडावेत पण पैलवानाला शेंडा दिसावा. ऐन हिवाळ्यात, आभाळ कोरडं ठणठणीत असताना एक कारकून एका पैलवानावर छत्री धरून धावतोय, हे बघायला दुसऱ्या गल्लीतली माणसंही येऊ लागली. एके दिवशी त्याच्या कचेरीचे साहेब स्कूटरवरून जाताना थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि काही न विचारता निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुळाप्पाला केबिनमध्ये बसायला खुर्ची दिली आणि रजा वगैरे हवी आहे का, असं हळू आवाजात विचारलं.

शेंगा धरल्या. पण सकाळी कठड्यावरून पाहावं तर काल भरलेली शेंग आज नाही. धुळाप्पानं पोपटांवर संशय घेतला. त्यानं शेंड्याला जुना कोट टांगला. मग कोटही रोज संध्याकाळी गल्लीतून फिरून येऊ लागला, पण शेंगा जायच्या थांबल्या नाहीत.

खरा प्रकार त्याला कळला तो सरावाच्या अगदी शेवटच्या दिवशी. बादलीतलं शेणपाणी संपलं होतं, म्हणून त्यानं छत्री मिटली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा चालता चालता वर पाहिलं. काठी गल्लीतल्या राजाबाईंच्या माडीजवळून चालली होती. राजाबाईंनी गॅलरीतून हात लांबवला, एक शेंग खुडली, डोळ्यांना लावली आणि पदराच्या गाठीला बांधली. पुढच्या माडीत नव्यानं लग्न झालेली सून, तिच्यापुढं तिची सासू, समोर नरसय्याची बहीण. प्रत्येकीनं एकदोन शेंगा घेतल्या, कपाळाला लावल्या आणि आत गेल्या. नंदीध्वजाच्या काठीला लागलेल्या शेंगा. त्यांना प्रसाद सोडून दुसरं काय म्हणणार?

धुळाप्पा मिटलेली छत्री घेऊन गल्लीच्या मधोमध उभा राहिला. चोर असता तर ओरडता आलं असतं. पोपट असता तर हाकलता आलं असतं. हात जोडून घेतलेली वस्तू परत कशी मागायची? काठी कोपऱ्यात आली तेव्हा वेलावर पानं होती, डबे होते, कोट होता. पावट्याची शेंग एकही नव्हती. त्या रात्री तो जेवला नाही. "देवाच्या नावानं गेलं," महानंदा म्हणाली. "जाऊ द्या." पण तिलाही झोप लागली नाही.

भोगीच्या सकाळी बसव्वा आली. पहिल्या गाडीनं, डोक्यावर मोठं गाठोडं घेऊन. बाजरीची भाकरी तव्यावर होती, पातेल्यात गाजर, वांगी, हरभरा शिजत होता, सगळं मंडईतलं. बसव्वानं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "दाव कुटं हाय तुजा पावटा."

धुळाप्पानं तिला गॅलरीत नेलं. ती डोळे बारीक करून वेलाकडं बघत राहिली. पानं उलटून बघितली. देठ चाचपले. "शेंगा?"

"होत्या," धुळाप्पा म्हणाला. वेलाचं एक पान धरून तो म्हणाला, "अव्वा, होत्या गं. खरंच होत्या. पण आता नाहीत. तू म्हणालीस तसं, तिळगूळ खा आणि..." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं लपवलंही नाही.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. राजाबाई वाटी घेऊन आत आल्या. "जत्रेत सिद्धरामाच्या लग्नाच्या अक्षतेला जायची गडबड हाय, बसत न्हाय. तुमच्याच शेंगा भाजीत हायेत, म्हनून आदी तुमाला." त्यांच्यामागून नरसय्याची बायको, मग पुढच्या माडीतली सून, मग रुद्रप्पाच्या घरून झाकलेलं वाडगं, आणि सगळ्यांत शेवटी खालून गुरम्मा, स्वतःची वाटी पदराखाली धरून. खोलीत वाट्या ठेवायला जागा पुरेना. काही पलंगावर गेल्या, एक कॅलेंडरपुढं खुर्चीवर बसली.

बसव्वानं एका वाटीत बोट घातलं, एक दाणा काढला आणि उजेडात धरला. कडेला बारीक तांबडी रेघ. तिनं दुसऱ्या वाटीतला काढला. मग तिसऱ्या. मग ती खाली बसली, भाकरी मोडली आणि प्रत्येक वाटीतला घास घेऊन बघितला. सगळ्या बाया उभ्या, धुळाप्पा उभा.

"राजाबाईच्यात तिकट लई झालंय," शेवटी बसव्वा म्हणाली. "ह्या पोरीनं तीळ कमी घातल्यात. पावटा बेस हाय." मग लेकाकडं बघून, "पन तू पेरलास उशिरा. म्होरल्या साली श्रावणातच टोकायचा. आनि त्यो कोट काड तितनं, येल गुदमरतोय."

म्होरल्या साली, हे दोन शब्द धुळाप्पाच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. तोवर बसव्वानं गाठोडं जवळ ओढून सोडलं होतं. बाजरीचं पीठ निघालं, तीळ निघाले, एक घोंगडं निघालं, आणि घोंगड्याच्या मधोमध, शिंक्यासकट गुंडाळलेलं, तोंडाला चिंधी बांधलेलं बियाण्याचं गाडगं.

धुळाप्पा गाडग्याकडं बघतच राहिला. ते ती वळसंगहून निघतानाच बांधून घेऊन निघाली होती.

"वळसंगला समद्यांना ठाव झालंय," ती गाडग्यावरची राख झटकत म्हणाली. "बसव्वाचा ल्योक आईसाटी पावटा घेऊन गल्लीतनं पळतोय, छत्री धरून. लई हसले बघ मी. माजं मालक गेल्यापास्नं येवडं हसले न्हवते." तिनं आवाज जरा चढवला. "बगतोस काय? हे टांगायचं हाय. खिळा हाय का घरात?"

महानंदानं भाकरी तव्यावर तशीच सोडून गुरम्माकडं पाहिलं. राजाबाईंनी पाहिलं, नरसय्याच्या बायकोनं पाहिलं. गुरम्मानं भिंतीकडं पाहिलं, मालकांनी स्वतःच्या हातानं लिंपलेल्या, आणि मग गाडग्याकडं. कडेवर गाडगं घेऊन घरात येणं म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तीही अशीच कधीतरी या घरात आली होती.

"माज्या तोंडाकडं काय बगताय समदे?" ती म्हणाली. "हातुडी आना. पन चुलीच्या बाजूनं ठोका, तितं लिंपन घट्ट हाय."

पहिला घाव धुळाप्पाच्या अंगठ्यावर बसला, दुसरा खिळ्यावर. गाडगं टांगलं गेलं, जरा झोके घेतले आणि स्थिर झालं. संधी बघून धुळाप्पानं अंगठा चोखत हळूच विचारलं, "गुरम्माक्का, आता एक कॅलेंडरसाठी पण..."

"एकच," गुरम्मा म्हणाली आणि जिना उतरून गेली.

बसव्वानं खुर्चीवरची वाटी उचलली, कॅलेंडर उचललं आणि पलंगाखाली सारलं. मग ती खुर्चीवर बसली, पाय वर घेऊन, मांडी घालून, जिथून वेल दिसतो अशी. त्या दिवसापासून कोनापुऱ्यांच्या घरात आज तारीख काय, हे कोणालाही धड सांगता आलं नाही.